पन्हाळ्याचा दगड किती वर्षांचा?

कोल्हापूर परिसरातील शाळांची सहल कधी ना कधी पन्हाळ्यावर जातेच. तीन दरवाजा पाहून होतो, अंबरखान्याच्या गार अंधारात मुले हाका मारून प्रतिध्वनी ऐकतात, सज्जा कोठीवरून खालचा मुलूख न्याहाळतात. इतिहासाचे शिक्षक १६६० च्या वेढ्याची हकीकत सांगतात; शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, हा किल्ला उभा राहिला हेही सांगतात. अशा वेळी एखादा विद्यार्थी सहज विचारतो, "सर, किल्ला आठशे वर्षांचा. मग ज्या डोंगरावर तो बांधला, तो डोंगर किती वर्षांचा?"

'लाखो वर्षांचा' असे सांगून आपण वेळ मारून नेतो. नेमके उत्तर द्यायचे, तर या डोंगराचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. पण चौकस विद्यार्थी तेवढ्यावर थांबणार नाही. "तेव्हा तर माणूसच नव्हता. मग हे कोणी पाहिले?" हा त्याचा पुढचा प्रश्न. या दुसऱ्या प्रश्नाशी शास्त्रज्ञ जवळजवळ दोनशे वर्षे झगडले. ती हकीकत आपल्याच भागातली आहे आणि तिच्यात पन्हाळ्याचे नावही येते. म्हणून ती वर्गात सांगण्याजोगी आहे.

पायऱ्यांचे डोंगर

आंबा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी कोणत्याही घाटाने कोकणात उतरताना समोरच्या कड्याकडे पाहावे. काळ्या कातळाचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातकट दगडाचा पट्टा असतो. लांबून डोंगराची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. स्वीडिश भाषेत पायरीला 'ट्रापा' म्हणतात. त्यावरून अशा खडकाला 'ट्रॅप' हे नाव पडले आणि आपल्या पठाराच्या खडकाला 'डेक्कन ट्रॅप'. हा खडक म्हणजे बेसाल्ट, थंड झालेला लाव्हा.

मुंबई इलाख्यातील एक लष्करी अधिकारी कर्नल विल्यम साइक्स सरकारी कामासाठी दख्खनभर हिंडले. आडव्या थरांचे हे वर्णन त्यांनी १८३३ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे मांडले. इतका लाव्हा आला, तर त्याचा ज्वालामुखी कुठे आहे? असा शंकूसारखा डोंगर येथे सापडत नाही, कारण हा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वर आला आणि पुरासारखा पसरला. एक पूर थंड झाला, त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती झाली, त्यावर पुढचा पूर आला. तांबडे पट्टे म्हणजे दोन पुरांमधील विश्रांतीच्या खुणा होत. आजही हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे.

पन्हाळ्याच्या माथ्यावर मात्र काळा नव्हे, तांबडा, भोकाभोकांचा जांभा दिसतो. तो वेगळा लाव्हा नाही. उष्ण, पावसाळी हवेत बेसाल्टमधील सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा हा जांभा झाला. राधानगरी तालुक्यातील बॉक्साइट हे याच क्रियेचे फळ आहे.

काळ्या दगडाच्या खाली काय?

कोल्हापूर हे लाव्हाच्या प्रदेशाच्या दक्षिण कडेजवळ आहे. त्यामुळे येथे एक सोय झाली आहे. दक्षिणेकडे गेले की लाव्हाची चादर पातळ होत जाते आणि तिच्याखालचे जुने खडक उघडे पडतात. हिरण्यकेशी नदीबरोबर आंबोलीहून निघा. आजरा, गडहिंग्लज या मार्गाने ती घटप्रभेला मिळते. तिथून गोकाकला गेलात, तर प्रसिद्ध धबधबा काळ्या बेसाल्टवरून नव्हे, तर फिकट तांबूस वालुकाश्मावरून कोसळताना दिसतो. वाळूचे थर साचून घट्ट झालेला हा खडक आहे. बागलकोटजवळच्या कलादगी गावावरून या खडकांना 'कलादगी' म्हणतात. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडेही ते सापडतात.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या सगळ्या 'दक्षिण मराठा' मुलखाची पाहणी करून १८७६ मध्ये मोठा अहवाल प्रसिद्ध केला. थरांचा क्रम साधा आहे : सर्वांत खाली धारवाडी प्रदेशातील ग्रॅनाइटसारखे अतिप्राचीन खडक, त्यांवर कलादगीचे वालुकाश्म व चुनखडक, त्यांवर काळा लाव्हा, सर्वांत वर जांभा. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. घरातील रद्दीच्या गठ्ठ्यात जुना अंक तळाशी असतो, तसेच हे.

पण या गठ्ठ्यातून मधले अनेक अंक गायब आहेत. कलादगीच्या चुनखडकांत सूक्ष्म जीवांनी थरावर थर चढवून तयार केलेल्या रचना दिसतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. म्हणजे तेव्हा जीवन होते, पण हाडे आणि कवचे नव्हती. त्यानंतर एकदम लाव्हा! मासे, नेचे, सरपटणारे प्राणी यांच्या काळातला थर आपल्याकडे मध्ये नाहीच. एक तर तो साचला नाही, किंवा साचलेला धुऊन गेला. मग लाव्हा नेमका कोणत्या काळातला, हे ठरवायचे कसे?

नागपूरचे शिंपले

उत्तर शोधायला नागपूरला जावे लागले. तिकडे लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ अडकलेला आहे आणि त्यात गोगलगायी, मासे, वनस्पती यांचे जीवाश्म आहेत. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी नागपूरजवळ टाकळी येथे व इतरत्र ते गोळा केले आणि १८५५ मध्ये त्यांवर लेख लिहिला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचे आहे, तेच हे. १८६३ मध्ये उत्खनन पाहून परतताना पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडून मरण पावले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जीवाश्मांच्या बदलत्या स्वरूपावरून भूशास्त्रज्ञांनी तोवर काळाचे मोठे विभाग पाडले होते. ट्रायलोबाइट, मासे आणि पहिल्या जंगलांचा पुराजीव महाकल्प. डायनोसॉरचा मध्यजीव महाकल्प. सस्तन प्राण्यांचा नवजीव महाकल्प. मध्यजीव महाकल्पातील शेवटचा कालखंड म्हणजे क्रिटेशियस. तो संपला आणि नवजीव सुरू झाला, ती सीमा फार महत्त्वाची, कारण तिच्यापुढे डायनोसॉर दिसत नाहीत.

आपला लाव्हा या सीमेच्या अलीकडचा की पलीकडचा? हिस्लॉप म्हणाले, अलीकडचा, नवजीवातला. सर्वेक्षण खात्याचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी नर्मदेच्या खोऱ्यात लाव्हा क्रिटेशियस काळातील सागरी थरांवर टेकलेला पाहिला होता. त्यांनी १८६७ मध्ये मत दिले की लाव्हा क्रिटेशियसच्या अखेरचा असावा. पुढे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी वाद पुन्हा उघडला. 'डेक्कन ट्रॅप क्रिटेशियस की टर्शरी?' अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा लेख १९३४ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. ताडवर्गीय व इतर वनस्पतींच्या जीवाश्मांवरून त्यांनी नवजीवाच्या बाजूने कौल दिला. पुरावे दोन्हीकडे होते. वाद मिटेना.

दगडातले घड्याळ

शिवाय या वादात 'आधी' आणि 'नंतर' एवढेच शब्द होते. वर्षांचा आकडा कोणाकडेच नव्हता. पृथ्वी तप्त गोळ्यापासून थंड होत आली असे धरून लॉर्ड केल्विन यांनी १८९७ मध्ये तिचे वय २ ते ४ कोटी वर्षे काढले होते. गणित चोख होते, पण गृहीत अपुरे होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, बेक्वेरेल यांनी किरणोत्सार शोधला होता. त्यातून खडकांना घड्याळ मिळाले.

हे घड्याळ चालते कसे? बेसाल्टमध्ये थोडे पोटॅशियम असते. त्याचा एक अत्यल्प भाग किरणोत्सारी असतो. १२५ कोटी वर्षांत त्यातील निम्मे अणू बदलतात आणि त्यांपैकी काहींचा अरगॉन वायू होतो. लाव्हा पातळ असतो तोवर हा वायू निसटून जातो. दगड घट्ट झाला की तो आत अडकतो आणि साठत राहतो. किती साठला ते मोजले की दगड कधी गोठला ते कळते. युरेनियमचे शिसे होते, त्यावरूनही असेच वय काढता येते. याच तत्त्वाने क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कापाषाणांच्या साहाय्याने पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. सूर्याभोवतीच्या धूळ-वायूंच्या तबकडीतून ग्रह आणि उल्का एकाच सुमारास घडल्या, म्हणून उल्केचे वय पृथ्वीलाही लागू पडते.

त्याच दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी आपल्या बेसाल्टमधील चुंबकीय कणांची दिशा मोजली. लाव्हा गोठताना हे कण होकायंत्रासारखे तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळून तसेच राहतात. त्यावरून दिसले, की लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता!

दोघेही थोडे बरोबर

१९८० मध्ये लुइस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, की क्रिटेशियसचा शेवट एका प्रचंड लघुग्रहाच्या आघाताने झाला. मेक्सिकोतील चिक्शुलूबचे विवर हा त्याचा पुरावा पुढे मिळाला. त्याच सुमारास प्रा. अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी नागपूर परिसरातील हिस्लॉप यांच्या त्या तळ्यांच्या गाळाकडे पुन्हा वळले आणि त्यांना त्यात डायनोसॉरचे अवशेष मिळाले. म्हणजे ते थर क्रिटेशियसचेच. अशोक साहनी हे बिरबल साहनींचे पुतणे. काकांचे मत पुतण्याने पुराव्याने बदलले. विज्ञानात यात अनादर नसतो, हे मुलांना आवर्जून सांगावे.

१९८६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिन्सेंट कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की लाव्हाच्या बहुतेक जाड थरात चुंबकीय दिशेची फारच थोडी उलटापालट नोंदली गेली आहे. म्हणजे तो फार थोड्या काळात, क्रिटेशियसच्या सीमेच्या आसपास ओतला गेला. याच दशकात लाव्हाच्या थरांची रासायनिक घडणीवरून विभागणी झाली. त्या विभागांना आपल्या गावांची नावे मिळाली : पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. जगातील भूशास्त्रज्ञ आज 'पन्हाळा' हा शब्द एका थराचे नाव म्हणून वापरतात.

२०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी या थरांची नेमकी वये दिली. ब्लेअर शोन यांच्या गटाने तांबड्या पट्ट्यांत अडकलेले झिरकॉनचे स्फटिक तपासले, कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने अरगॉन मोजला. लाव्हाचा बहुतांश भाग सुमारे दहा लाख वर्षांत आला आणि सीमेचा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा क्षण त्या थरांच्या मध्येच कुठेतरी येतो, यावर दोघांचे एकमत झाले. नेमका कुठे, आणि विनाशात लाव्हाचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. पण दोघांच्याही मते तो क्षण पन्हाळा थराच्या बराच खाली आहे.

म्हणजे खालचा लाव्हा डायनोसॉरच्या डोळ्यांदेखत वाहिला, तर पन्हाळ्याचा दगड ते संपल्यानंतरचा, नवजीव महाकल्पाच्या पहाटेचा. ब्लॅनफर्ड यांचे अनुमान नागपूरकडे खरे ठरले. नवजीवाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे, त्यांनी न तपासलेल्या या दक्षिणेकडच्या वरच्या थरांत काही अंशी खरे ठरले. लाव्हाने सीमाच ओलांडली होती. म्हणून वाद इतका लांबला.

वर्गात करून पाहा

साडेचार मीटरपेक्षा थोडी लांब सुतळी घ्या. एक सेंटीमीटर म्हणजे एक कोटी वर्षे धरा. एक टोक 'आज'. तिथून ४ मीटर ५४ सेंटीमीटरवर पृथ्वीचा जन्म. ३ मीटरच्या पलीकडे धारवाडी प्रदेशातील सर्वांत जुने खडक. मीटरभराच्या आसपास आणि त्यापलीकडे कलादगीचे खडक. ५४ सेंटीमीटरवर पुराजीव महाकल्पाचा आरंभ, २५ वर त्याचा अंत, ६.६ वर मध्यजीवाचा अंत. तिथेच आपला लाव्हा. आधुनिक मानवाचे तीन लाख वर्षांचे अस्तित्व टोकाच्या पाऊण नव्हे, जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरमध्ये मावते.

आता कलादगीपासून लाव्हापर्यंतच्या सुतळीला रंग लावा. हा आपल्या जिल्ह्यातला कोरा भाग. तो भरायला महाराष्ट्रातच दुसरीकडे जावे लागते. चंद्रपूरचा कोळसा २५ ते ३० सेंटीमीटरच्या दरम्यानच्या जंगलांचा आहे. वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत. ही गावे मुलांना नकाशावर शोधू द्या.

आणि पुढच्या सहलीत कोणी विचारले, "हे कोणी पाहिले?", तर आकडा सांगण्याआधी घाटातला तांबडा पट्टा दाखवा. वर काय आहे, खाली काय आहे आणि आधी काय झाले असेल, हे मुलांनाच ठरवू द्या. साइक्स, फूट आणि हिस्लॉप यांनी सुरुवात याच प्रश्नांनी केली होती.