वृद्धापकाळातील स्मृतिभ्रंश : आहार, विहार आणि दक्षता

वय झाले की विसर पडायचाच, असे म्हणून घरातील ज्येष्ठांच्या तक्रारींकडे काणाडोळा केला जातो. चष्मा कुठे ठेवला हे क्षणभर न आठवणे वयानुरूप असू शकते. परंतु नेहमीच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांचा साधा हिशेब न जमणे ही स्मृतिभ्रंशाची, अर्थात डिमेन्शियाची लक्षणे असू शकतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्ती, म्हणजे ७.४ टक्के ज्येष्ठ, या विकाराने ग्रस्त आहेत.

टाळता येण्याजोगी कारणे

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे १४ धोके नोंदवले आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिमद्यपान, बैठी जीवनशैली, बहिरेपणा, अधू दृष्टी व एकाकीपणा हे त्यांतील काही. हे सर्व धोके दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के रुग्णांमधील स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा निष्कर्ष आहे.

आहार

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या निरोगी राखणारा आहारच मेंदूला हितकर ठरतो. तांबडी भाजीसारख्या पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी, फळे आणि बांगडा, तारले यांसारखे ओमेगा-३ युक्त मासे गोमंतकीय स्वयंपाकघराला परके नाहीत. मात्र लोणची, पापड व सुकी मासळी यांतून पोटात जाणाऱ्या मिठावर लक्ष हवे. दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

शाकाहारी ज्येष्ठांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. तिच्यामुळे, तसेच थायरॉइडच्या बिघाडामुळेही स्मरणशक्ती मंदावते. साध्या रक्ततपासणीने ही कारणे उघड होतात आणि वेळीच उपचार झाल्यास सुधारणा संभवते. कमतरता नसताना मात्र जीवनसत्त्वांच्या गोळ्या स्मृतिरक्षणासाठी घेऊ नयेत, असे संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

विहार

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षे वयाच्या, धोका अधिक असलेल्या १२६० व्यक्तींवर दोन वर्षे अभ्यास झाला. आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादी घटकांवर देखरेख यांची सांगड घातलेल्या गटाची बौद्धिक क्षमता तुलनेने सरस राहिली. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, पुरेशी झोप, वाचन, भजनी मंडळातील सहभाग यांतून ही सांगड आपल्याकडेही घालता येते. मुले परदेशी असलेल्या घरांत एकाकीपणाकडे विशेष लक्ष द्यावे. ऐकू कमी येणारी व्यक्ती हळूहळू संभाषणातूनच बाहेर पडते. तेव्हा श्रवणयंत्राबाबत संकोच नसावा.

या उपायांनी धोका घटतो, पूर्णतः नाहीसा होत नाही. रक्तदाब व साखर यांवर चाळिशीपासूनच नियंत्रण ठेवावे आणि विसराळूपणा दैनंदिन व्यवहारात अडथळा आणू लागताच वैद्यकीय सल्ला घ्यावा.