खेळातला पंच

आपत्तीशी सामना शिकवणाऱ्या व्हिडिओ गेमचे कूळ धुंडाळत मागे गेले, की आपण प्रशियाच्या लष्करात पोहोचतो. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटाने वडिलांच्या जुन्या खेळात सुधारणा करून ‘क्रीगस्पील’, म्हणजे युद्धखेळ, सिद्ध केला. त्यात नकाशा होता, फासे होते, दोन मिनिटांची एक खेळी होती आणि मधोमध पंच होता. खेळाडूने हुकूम लिहून द्यायचा. त्याच्या तुकडीला रणांगणात जेवढे दिसले असते तेवढेच पंच त्याला दाखवणार. माहिती अर्धवट, वेळ अपुरा आणि निर्णय मात्र आत्ताच: पुरात किंवा भूकंपात सापडलेल्या अधिकाऱ्याचीही हीच गत असते. पुढे १८७६ साली जनरल व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा याने नियमांची किचकट कोष्टके बाजूला सारली आणि निकाल पंचाच्या अनुभवावर सोपवला. खेळ शिकवतो तो या पंचामुळे, हे त्याने ओळखले होते.

संगणकाने नेमका हा पंच गिळून टाकला. विल राइटच्या ‘सिमसिटी’त (१९८९) खेळाडू महापौर होतो आणि १९०६ च्या भूकंपातले सॅन फ्रान्सिस्को सावरतो. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-निवारण विभागाने ‘स्टॉप डिझास्टर्स’ काढला. त्यात ठरलेला पैसा आणि ठरलेला वेळ हाती घेऊन त्सुनामी, पूर, वणवा, चक्रीवादळ किंवा भूकंप येण्याआधी वस्ती सज्ज करायची. खर्च आधी केला तर जीव वाचतात, हा धडा तो चोख देतो. पण निकाल देते ते यंत्र. नियम त्याच्या पोटात दडलेले असतात आणि आपले चुकले कुठे, हे ज्याच्याशी भांडून ठरवावे असा माणूस समोर नसतो.

जपानमध्ये हा माणूस परत आला, तोही साध्या पत्त्यांतून. १९९५ च्या कोबे भूकंपात सहा हजारांहून अधिक लोक गेले. त्या वेळी राबलेल्या पालिका कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींतून ‘क्रॉसरोड’ हा खेळ घडला. निवाऱ्यात तीन हजार माणसे आहेत आणि जेवणे दोन हजार. वाटायची की नाही? प्रत्येकाने ‘हो’ किंवा ‘नाही’चे पान टाकायचे. बहुमताच्या बाजूच्यांना निळे आसन मिळते. पण कोणी एकटाच वेगळा पडला तर सोनेरी आसन त्याला. मग प्रत्येकाने आपले कारण सांगायचे. बरोबर उत्तर पत्त्यावर छापलेलेच नाही.

आपत्ती खेळातून शिकवण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की मरणाचा खेळ करू नये. भूकंपग्रस्त शहरातून वाट काढायला लावणाऱ्या ‘झेत्ताई झेत्सुमेई तोशी’ या जपानी व्हिडिओ गेम मालिकेचा चौथा भाग जपानमधल्या मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर काही दिवसांतच रद्द झाला. तो आला २०१८ साली. शोकाच्या काळात ते योग्यच होते. पण तयारी करायची ती संकट येण्याआधी, आणि तेव्हा खेळाइतके निरुपद्रवी मैदान दुसरे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जीव वाचतो तो पायांनी, आणि पायांना सवय लागते ती कवायतीने. त्याच महाभूकंपाने उठवलेल्या त्सुनामीत कामाइशी शहरातली जवळजवळ सगळी शाळकरी मुले वाचली, ती कवायतीमुळेच. मात्र ही गोष्ट इथे संपत नाही. उनोसुमाई भागातल्या शाळा धोक्याच्या नकाशाबाहेर होत्या, तरी मुले पळाली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर तीही सुरक्षित वाटेना, तेव्हा आणखी वर चढली. गृहीतकांना चिकटून राहू नका, ही तोशिताका कातादा या प्राध्यापकांची शिकवण त्यांच्या अंगी मुरली होती.

व्हिडिओ गेमही एक नकाशाच आहे, कोणाच्या तरी गृहीतकांवर आखलेला. त्याच्या आज्ञेत राहून सराव केला तर हात चपळ होतील. त्याच्यावर शंका घ्यायला तो स्वतः शिकवणार नाही. म्हणून शाळेत असा गेम लावायचा तर डाव संपल्यावरचा तास मोकळा ठेवावा आणि तिथे शिक्षकाने विचारावे, की या यंत्राने काय धरले होते आणि आपल्या गावात ते खरे ठरेल का. राइसविट्झच्या पंचाची जागा ती आहे.