जुने फर्निचर आणि सांध्यांचे शास्त्र

भंगारात गेलेले लोखंडी कपाट भट्टीत वितळते आणि त्याचा पुन्हा पत्रा होतो. लाकडाला ही सोय नाही. त्याचे बळ उभ्या तंतूंमध्ये असते आणि तुटलेले तंतू कशानेही पूर्ववत जुळत नाहीत. त्यामुळे लाकडाचा पुनर्वापर ही उतरणीची वाट आहे. वाड्याच्या तुळईतून टेबलाचे पाय निघतात, पायांतून चौकटीच्या पट्ट्या, पट्ट्यांच्या तुकड्यांतून भुशाचा दाबलेला बोर्ड, आणि शेवटी उरते ते जळण. दर टप्प्याला लांबी घटते आणि ती परत मिळत नाही. या वाटेने किती सावकाश उतरायचे, एवढेच माणसाच्या हाती असते.

सावकाश उतरण्याला हिशेबाचा आधार आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. समजा, कपाटात 80 किलो सुके लाकूड आहे. त्यात सुमारे 40 किलो कार्बन, म्हणजे हवेतला साधारण 147 किलो कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. कपाट जाळले की तो सुटतो, वापरात राहिले की थांबतो. शिवाय त्याच्या जागी नवे कपाट करण्याची ऊर्जा वाचते ती वेगळीच.

आता खरा प्रश्न. कोणते फर्निचर सावकाश उतरते? बहुतेकांचे उत्तर असते, सागवानाचे. ते अर्धेच बरोबर आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेले आणि वाळवीला नकोशी द्रव्ये असतात, म्हणून तो टिकतो. त्याच झाडाच्या बाहेरच्या फिक्या थराला मात्र कीड खुशाल पोखरते. पण लाकूड टिकणे आणि वस्तू पुन्हा उपयोगी पडणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दुसरी गोष्ट सांध्यावर ठरते. सांधा न मोडता सुटतो का, हे आधी पाहावे.

सर्वांत स्वच्छ उदाहरण मुंबईच्या इराणी हॉटेलांत बसायला मिळते. तिथल्या गोल पाठीच्या खुर्च्या ज्या घराण्यातल्या, त्याचा मूळपुरुष मिखाएल थोनेट. त्याची 1859 मधली 14 क्रमांकाची खुर्ची म्हणजे वाफेवर वाकवलेल्या बीचच्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. हेतू होता वाहतूक स्वस्त करण्याचा. पण जी खुर्ची जहाजासाठी सुटते ती दुरुस्तीसाठीही सुटते. पाय मोडला तर पाय बदलायचा, बैठक फाटली तर वेत नव्याने विणायचा. आपल्याकडची नवारीची खाट याच तत्त्वावर चालते. झिजणारा भाग आणि टिकणारा भाग तिथे मुळातच वेगळे ठेवलेले असतात.

जुन्या सुतारकामात सांधा म्हणजे साल आणि कुसू. एका लाकडात पटाशीने भोक पाडायचे, दुसऱ्याला जीभ काढायची, आणि फटीत सरस भरायचा. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस ऊब आणि ओलावा मिळाला की मऊ होतो. म्हणून डगमगणारी खुर्ची वाफ देऊन उकलता येते आणि परत जोडता येते. नवा गरम सरस जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे सगळे खरवडून काढावे लागत नाही. भारतात 1959 मध्ये फेविकॉल आले आणि सुताराची सरस उकळत बसण्याची कटकट संपली. सोय मोठीच झाली. पण पांढरा गोंद तंतूंत शिरून बसतो. सांधा उघडू गेले तर लाकूड आधी फाटते, आणि वाळलेल्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नाही.

पॉलिशचीही तीच कथा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि वाळून कित्येक वर्षे लोटली तरी पुन्हा विरघळते. म्हणून ओरखड्यावर कापडाच्या बोळ्याने नवा हात दिला की तो जुन्या थरात मिसळून जातो. पीयू कोटिंगमध्ये रेणूंची जाळी कायमची घट्ट होते. ते पाणी आणि गरम कप लाखेपेक्षा कितीतरी चांगले सोसते, पण खराब झाले की घासून काढण्यावाचून इलाज नसतो, आणि घासताना पातळ व्हिनियर जाण्याची धास्ती असते. जेवणाच्या टेबलाला पीयू समजू शकतो. देवघराला आणि पुस्तकांच्या कपाटाला तो कशासाठी, हे मला कळलेले नाही.

या कसोटीवर आजच्या फ्लॅटमधले फर्निचर लावून पाहावे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडची राळ. स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही, आणि कडेने पाणी शिरले की बोर्ड फुगतो तो फुगतोच. पुन्हा दळावा तर राळ आणि लॅमिनेट आड येतात. चुलीत घालावा तर विषारी धूर होतो. प्लायवूड याहून बरे. आयएस 710 च्या मरीन प्लायची पाण्याशी झुंजण्याची ताकद खरी आहे. पण भिंतीला ठोकून, सनमायका डकवून, खोलीच्या मापात कापलेले वॉर्डरोब दुसऱ्या खोलीत बसत नाही. घर विकले की नवा मालक पहार मागवतो. चांगल्या दर्जाचा प्लाय असा गोणीत भरून जातो, ही नासाडी मला पार्टिकल बोर्डापेक्षा जास्त खुपते, कारण तिथे माल टिकाऊ होता.

उलट वाडा पाडला की त्याच्या तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या घनफुटावर विकल्या जातात. मुंबईतला चोरबाजार, जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, पुण्याचा जुना बाजार यांचे पोट बऱ्याच अंशी अशा मालावर चालते. जुन्या मालात बर्मा सागाचा मान मोठा. बॉम्बे बर्मा कंपनीला झालेला दंड हे 1885 च्या युद्धाचे निमित्त ठरले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा रत्नागिरीला कैदेत आला, इतके त्या लाकडाचे मोल होते. अशा तुळईचे चार फुटी तुकडे करून कॅफेच्या भिंतीवर शोभेला लावणे म्हणजे उतरणीच्या तीन पायऱ्या एका उडीत उतरणे. लांब लाकूड लांबच वापरावे. कापायचे ते शेवटी.

जुने ते सगळे निर्धोक असेही नाही. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 चे आहेत. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ उडू शकते, आणि ती लहान मुलांना सर्वांत घातक. रंग ओला करून काढावा, चुरा झाडूने उडवू नये. मालवाहतुकीच्या पॅलेटचे टेबल करण्याची हौस असेल तर शिक्का पाहावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने कीड मारलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडने. दुसरी घरात आणू नये.

उरतो पैशाचा प्रश्न. खुर्ची उकलून जोडायला कुशल हाताचे दिवस लागतात, तर कारखान्यातली नवी खुर्ची त्या मजुरीहून स्वस्त पडू शकते. म्हणून नवे काम सांगतानाच सुताराशी बोलणे किफायतीचे ठरते: कपाट भिंतीपासून सुटे उभे राहू द्या, खणांना स्क्रू लावा आणि गोंद मोजक्या जागीच घाला, मागची फळी सरकवून निघेल अशी खाच पाडा. सुतार थोडे जास्त पैसे मागेल, आणि ते मागणे रास्त असेल.