घरातल्या थोरल्या माणसाच्या वयाइतके पक्षी

 आजचं बोलणं ओसरीवर रेडिओ लावून बसलेल्या आजी-आजोबांसाठी आहे.

ओरिगामी हा शब्द तुम्ही नातवंडांच्या तोंडून ऐकला असेल. जपानी भाषेत ‘ओरी’ म्हणजे घडी आणि ‘कामी’ म्हणजे कागद. शाळेत होडी, विमान, बेडूक करायला शिकवतात, म्हणून आपण धरून चालतो की हा पोरांचा खेळ. पण ही कला जपानमध्ये रुजली ती सणावारात, लग्नकार्यात, मानपानात. ती मोठ्या माणसांच्या हातातली होती. मुलांकडे ती बरीच नंतर आली. ती कशी आली, ते आज सांगते.

कागद जपानला चीन-कोरियाकडून गेला, साधारण सातव्या शतकात. तिथे ‘कोझो’ नावाच्या, तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीपासून हाताने कागद करू लागले. लांब धाग्यांचा, चिवट, घड्या घातल्या तरी सहजी न फाटणारा. या कागदाला ‘वाशी’ म्हणतात. तो करण्याच्या कलेला २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. जुन्या काळी असा कागद स्वस्त नव्हता, त्यामुळे तो आधी देवाच्या आणि मानाच्या कामाला लागला. शिंतो देवळांत दोरीला लावलेल्या पांढऱ्या नागमोडी कागदी पट्ट्या आजही दिसतात.

आपण आहेराच्या पाकिटावर एक रुपया लावतो ना? जपानमध्ये भेटवस्तूवर ‘नोशी’ लावतात. अबालोन नावाच्या समुद्री शिंपल्यातलं मांस पातळ कापून, ताणून वाळवायचं आणि त्याची पट्टी दुमडलेल्या कागदात बसवून भेटीवर लावायची. वाळवलेलं ते पुष्कळ टिकतं, म्हणून ती दीर्घायुष्याची खूण. आता बहुतेक ठिकाणी खरी पट्टी नसते, नुसतं चित्र छापलेलं असतं. सामुराई घराण्यांत तर कोणती वस्तू कशा घडीच्या कागदात द्यायची याचे नियमच होते. इसे सादाताके या जाणकाराने १७६४ मध्ये त्यावर एक ग्रंथ लिहिला. फुलांची घडी वेगळी, पंख्याची वेगळी, लेखणीची वेगळी.

लग्नात साके, म्हणजे तांदळाचं मद्य, ज्या सुरईतून देत त्या सुरयांना कागदाची दोन फुलपाखरं बांधत. एक नर, एक मादी. इहारा साइकाकू या लेखकाच्या १६८० मधल्या एका कवितेत अशा कागदी फुलपाखरांचा उल्लेख आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी, शिवाजी महाराजांच्या काळात, तिकडे घड्यांची फुलपाखरं लोकांना इतकी ओळखीची होती की कवीने ती सहज कवितेत आणावीत.

आता क्रौंच पक्ष्याकडे येऊ. हा आपल्या सारसाच्या जातीचा, उंच पायांचा पक्षी. जपानमध्ये म्हणतात, क्रौंच हजार वर्षं जगतो आणि कासव दहा हजार वर्षं. म्हणून क्रौंचाची घडी ही आयुष्य मागण्याची घडी झाली. १७९७ मध्ये क्योतोला ‘हिदेन सेनबाझुरू ओरिकाता’ नावाचं पुस्तक छापलं गेलं. त्यात एकाच कागदाला ठरावीक ठिकाणी चिरा देऊन, एकमेकांना जोडलेले क्रौंच कसे करायचे याचे ४९ प्रकार आहेत. कुवाना गावच्या गिदो नावाच्या बौद्ध पुरोहिताने ते रचले. म्हणजे हेही मोठ्या माणसाचं काम. आजाऱ्याला हजार क्रौंच ओवून द्यायची रीत तुम्ही ऐकली असेल. हिरोशिमाच्या बाँबनंतर आजारी पडलेल्या सादाको सासाकी या मुलीमुळे ती जगभर पोचली.

मला मात्र सगळ्यात आवडते ती सेंदाई शहराची रीत. सेंदाई जपानच्या ईशान्येला आहे. तिथे ६ ते ८ ऑगस्टला ‘तानाबाता’ हा ताऱ्यांचा सण मोठा होतो. विणकर राजकन्या आणि गुराखी या दोन ताऱ्यांची वर्षातून एकदा भेट होते, अशी त्याची गोष्ट आहे. हे दोन तारे आपल्याही ओळखीचे आहेत. आपण त्यांना अभिजित आणि श्रवण म्हणतो. सणाला बांबूवर सात प्रकारची कागदी सजावट टांगतात. त्यात इच्छा लिहायच्या चिठ्ठ्या असतात, कागदी किमोनो असतो, मासेमारीचं जाळं असतं, पैशाचा बटवा असतो. आणि घडीचे क्रौंच असतात. ते किती करायचे? रीत अशी की घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाचं जेवढं वय, तेवढे क्रौंच. आजी ७८ वर्षांची असेल तर ७८.

विचार करा, मैत्रिणींनो. सणाच्या दिवशी अख्खं घर बसून म्हाताऱ्या माणसाचं वय मोजतं, आणि प्रत्येक वर्षाचा एक पक्षी करतं. वय वाढलं म्हणजे अडगळ वाढली, असं तिथे होत नाही. एक पक्षी वाढतो. शिवाय आणखी एक सजावट म्हणजे कागदाची टोपली. इतर वस्तू करताना उरलेले तुकडे तिच्यात घालतात. घरात स्वच्छता आणि काटकसर राहावी, असा तिचा अर्थ.

मग ही कला मुलांची कशी झाली? जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ नाव दिलं. त्यांच्या पद्धतीत हातकामाला मोठी जागा होती, त्यात कागदाच्या घड्याही होत्या. १८७६ मध्ये तोक्योत पहिली बालशाळा निघाली, ती याच धर्तीवर. तिथे युरोपातल्या घड्या आणि जपानच्या जुन्या घड्या एकत्र आल्या. आपल्या देशात मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी बालशाळेतल्या याच घडीकामावरून १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं, आणि जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली. पुढे आपण सगळ्याजणी कागदकाम शिकलो ते कार्यानुभवाच्या तासाला. आपल्या घरात ओरिगामी आली ती शाळेच्या दारातून, म्हणून ती दप्तरातच राहिली.

पण जगात ती मोठी केली पुन्हा मोठ्या माणसांनीच. अकिरा योशिझावा आधी कारखान्यात काम करायचे. १९५४ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं, त्यात घडी दाखवायला तुटक रेषा आणि बाण वापरले. आज कुठलंही ओरिगामीचं पुस्तक उघडा, खुणा बहुतेक त्याच. २००५ मध्ये, आपल्या ९४ व्या वाढदिवशीच ते गेले. दुसऱ्या लिलियन ओपनहायमर. जन्म १८९८ चा. त्यांनी न्यूयॉर्कला ओरिगामी केंद्र सुरू केलं १९५८ मध्ये. हिशेब करा, वय ६०. आपल्याकडे ज्या वयात ‘आता तुम्ही आराम करा’ म्हणतात, त्या वयात या बाईंनी नवं काम उभं केलं. त्याच शहरातल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात कीटकांचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅलिस ग्रे यांच्यामुळे नाताळच्या दिवसांत घडीच्या प्राण्यापक्ष्यांनी सजवलेलं झाड उभं राहू लागलं. ती प्रथा अजून चालू आहे.

आता आपलं पाहू. सण आला की घरात धांदल असते. सासूबाईंना, आईला आपण प्रेमानेच म्हणतो, “तुम्ही बसा, आम्ही करतो.” पण ज्या बाईने चाळीस वर्षं करंज्यांना मुरड घातली, तिला सणाच्या दिवशी हात मांडीवर ठेवून बसणं सोपं नसतं. आमच्या बचत गटातल्या एका आजींचं निम्मं आयुष्य किराणा दुकानात पुड्या बांधण्यात गेलं. दोरा नाही, डिंक नाही, नुसत्या घडीवर पुडी राहायची. त्यांची बोटं बघितली की कळतं, घडी त्यांना नवी नाही, नुसतं जपानी नाव नवं आहे.

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलवर बंदी आहे, म्हणजे मखराला कागद हवाच. थोरल्या हातांसाठी एवढंच बघा. कागद मोठा घ्या, निदान वहीच्या पानाएवढा, आणि पातळ. जुनं कॅलेंडर फार जाड पडतं, वर्तमानपत्र बरं. उजेडात, टेबलावर किंवा पाटावर काम ठेवा. घडी दाबायला नख नको, चमच्याची पाठ फिरवा. बोटं आखडली की थांबा.

सुरुवातीला पंख्याची घडी घ्या. बोटभर रुंदीच्या पट्ट्या एकदा वर, एकदा खाली अशा दुमडत जा. मध्ये दोऱ्याने बांधा, अर्ध्यात वाकवा, आतल्या कडा चिकटवा. पंखा झाला. असे दोन-तीन पंखे जोडले की गोल चक्र, गणपतीमागे लावायला किंवा आकाशकंदिलाखाली टांगायला. काटेकोर ओरिगामीत दोरा-डिंक नसतो, पण सणाला चालतो.

आणि यंदा एक करून बघा. आपल्याकडे साठीशांत होते, पंच्याहत्तरी होते, सहस्रचंद्रदर्शन होतं, पण ते आयुष्यात एकेकदाच. सेंदाईसारखं दरवर्षी करता येईल. दिवाळीच्या आधी घरातल्या थोरल्या माणसाला वय विचारा. तेवढे कागद कापा. पक्षी जमला तर पक्षी, नाही तर पंखा. पहिली घडी त्यांना घालू द्या आणि नातवंडांना त्यांच्या शेजारी बसवा. जन्मसाल पक्कं ठाऊक नसेल, तर दुष्काळ, पूर, लग्न असं आठवत मोजा. मोजता मोजता त्या वर्षांच्या गोष्टी निघतील, त्याही ऐकून घ्या. उरलेले तुकडे टोपलीत ठेवा, पुढच्या वर्षी एक कागद जास्त लागणार आहे.