दूरचित्रवाणीचा चित्रदर्जा (महाड व पोलादपूर)

छत्री किंवा केबल, सेट टॉप बॉक्स आणि दूरचित्रवाणी संच या साखळीतून आलेले अंकीय चित्र पडद्यावर किती स्पष्ट, अखंड आणि मूळ रंगांना धरून दिसते, यावर त्याचा दर्जा ठरतो. रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या पायथ्याला असलेल्या महाड व पोलादपूर तालुक्यांत हा दर्जा बिघडतो तो मुख्यतः पावसामुळे, पाणी शिरलेल्या जोडांमुळे आणि संचाला चुकीची तार लावल्यामुळे. डोंगराला दिला जाणारा दोष जुन्या काळातला आहे. तेव्हा तो खराही होता.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर पुनःप्रक्षेपण केंद्र उभे राहिले. सिंहगड महाडपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आतच आहे, पण मध्ये सह्याद्रीची मुख्य रांग आडवी येते आणि महाड तिच्या तळाशी सावित्री-गांधारीच्या काठी वसलेले. त्या केंद्राच्या लहरी जमिनीला जवळपास समांतर येत, त्यामुळे डोंगर त्यांना अडवी किंवा परतवी. पडद्यावर मुंग्या दिसत, माणसाशेजारी त्याची सावली उभी राही. उंच बांबूवरच्या अँटेनानेही फारसा फरक पडत नसे.

उपग्रहाने ही भूमितीच बदलली. डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत सेवा, म्हणजे आजची डीडी फ्री डिश, जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला आहे. महाडहून पाहिल्यास तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर येतो. इतर सेवांपैकी ८३ अंशांवरचे उपग्रह ६६ अंशांच्या आसपास, तर १०८ अंशांवरचे ४५ अंशांच्या आसपास दिसतात. पोलादपूरच्या पूर्वेला आकाश झाकून टाकणारा वाटणारा महाबळेश्वरचा डोंगर प्रत्यक्षात गावातून जेमतेम चार-पाच अंशच वर येतो. म्हणून अगदी कड्याला टेकलेली एखादी वाडी सोडली, तर कुडपण किंवा उमरठसारख्या डोंगरातल्या गावांतही छत्रीला आकाश मोकळे मिळते. छत्री मात्र त्या मानाने उभी दिसते. तिचा एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा लहरी पकडणारा भाग, मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तिच्या पत्र्याच्या कलावरून दिशेचा अंदाज बांधू नये.

वाट अडवतात ती अंगणातली झाडे. मे महिन्यात बसवलेली छत्री आषाढात बंद पडते, कारण आंबा-फणसाच्या फांद्या तोवर वाढलेल्या असतात आणि ओली पाने उपग्रहाच्या लहरी चांगल्याच शोषून घेतात. तपासायला उपकरण लागत नाही. मार्चच्या मध्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. फ्री डिशसाठी ही वेळ सकाळी अकराच्या सुमाराची, ८३ अंशांच्या उपग्रहांसाठी दुपारी बाराच्या आसपासची असते. त्या वेळी छत्रीवर स्वच्छ ऊन असेल तर वाट मोकळी आहे. फांदीची सावली पडली असेल तर नेमकी तीच फांदी तोडायची. त्याच वेळी सूर्याच्या गोंगाटाने चित्र काही मिनिटे फुटते. ते आपोआप येते, छत्री हलवू नये.

पावसाचे प्रकरण मोठे आहे. महाडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, माथ्यावरच्या महाबळेश्वरात साडेपाच हजारांवर. घरगुती छत्रीकडे येणाऱ्या लहरी ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि जोराच्या सरीत त्या वाटेतच विरतात. जुने चित्र हळूहळू खराब होई. अंकीय चित्र तसे होत नाही. चुका दुरुस्त करण्याची सोय असेतो ते पूर्ण स्वच्छ दिसते, ती सोय संपली की चौकोन फुटतात, आवाज तुटतो आणि सिग्नल नसल्याची पाटी येते. म्हणून कोरड्या दिवशी चित्र छान दिसते एवढ्यावरून छत्री नीट लागली आहे असे मानता येत नाही. बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, ताकदीची आणि गुणवत्तेची. छत्री गुणवत्तेच्या पट्टीवर जुळवावी, ती जास्तीत जास्त येईपर्यंत, आणि हे काम पावसाळ्याआधी करावे.

इथे मोठी छत्री घेणे खरोखर फायद्याचे आहे. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री सव्वादोनपट लहरी गोळा करते. मुंबई-पुण्यात हा खर्च टाळता येईल, पण घाटाखालच्या गावांनी टाळू नये. तिची दिशा मात्र जास्त काटेकोर लागते. ६० सेंटिमीटरच्या छत्रीला सुमारे तीन अंशांची मुभा असते, ९० सेंटिमीटरच्या छत्रीला दोनच. म्हणून ती पत्र्यावर न बसवता भिंतीत किंवा स्लॅबमध्ये पक्की रोवलेल्या नळीवर बसवावी, आणि नळी ओळंब्यात असावी. ढगफुटीसारख्या पावसात तीही हरते, तेव्हा थांबण्यावाचून उपाय नाही. पाऊस ओसरून आकाश उघडले तरी चित्र येत नसेल, तर दोष जोडात आहे.

छत्रीपासून बॉक्सपर्यंत येणारी काळी किंवा पांढरी गोल तार ७५ ओहमची आरजी-६ जातीची असते. वरच्या वारंवारतेला तिच्या तीस मीटरमध्ये नऊ-दहा डेसिबल, म्हणजे जवळपास नऊ-दशांश शक्ती खर्च होते. त्यामुळे माडीवरून ओटीपर्यंत वळणे घेत नेलेली लांब तार नुकसान करते. हीच तार एलएनबीला वीजही पुरवते. १३ व्होल्ट मिळाले की एलएनबी एका ध्रुवणाच्या वाहिन्या घेतो, १८ मिळाले की दुसऱ्या. स्वस्त तारेचा गाभा पोलादाचा असून त्याला तांब्याचा फक्त मुलामा असतो. लांबी वाढली की त्यात व्होल्ट गळतात, एलएनबीला १८ऐवजी कमी पोहोचतात आणि निम्म्या वाहिन्या नाहीशा होतात, तर उरलेल्या निम्म्या अगदी स्वच्छ दिसतात. असे झाले तर छत्री फिरवू नये, तार बदलावी. विकत घेताना गाभ्याला लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला तर तो पोलादाचा.

पाणी शिरते ते एलएनबीच्या जोडातून. तार एलएनबीकडून सरळ खाली उतरवण्याऐवजी जोडाखाली तिचा एक झोळ सोडावा, म्हणजे पाणी तळाशी ठिबकते. घराच्या भिंतीत शिरण्याआधीही असाच झोळ हवा. जोडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण पिशवीत दमट हवा कोंडते आणि तांबे हिरवे पडते. त्यापेक्षा स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी आणि पिन दाबून बसणारी असावी, फिरवून चढवलेली नव्हे. चाकरमान्यांची घरे गणपती आणि शिमग्यापुरती उघडतात. मधल्या महिन्यांत गंजलेला जोड साफ करून नवी पिन मारली, तर पुष्कळ वेळा कारागिराला बोलवावे लागत नाही.

केबलजोडणीचे अंकीकरण शहरी भागांसाठी डिसेंबर २०१५पर्यंत आणि उरलेल्या ग्रामीण भागांसाठी मुदतवाढीनंतर मार्च २०१७पर्यंत व्हायचे होते. केबलच्या बाबतीत पावसाच्या सरीचा त्रास नसतो. तिथे अडचण असते ती रस्त्याकडेच्या प्रवर्धकांची आणि घरात एका तारेचे तीन-चार फाटे करणाऱ्या स्प्लिटरची. न वापरलेले तोंड उघडे ठेवले की लहर परतून येते. त्यावर ७५ ओहमची टोपी बसवावी.

सर्वांत मोठा, आणि सर्वांत स्वस्त, फायदा संचाच्या मागच्या बाजूला आहे. एचडी बॉक्स घेऊन, एचडीचे पैसे भरून, तो पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांनी संचाला जोडलेली घरे थोडी नाहीत. पिवळ्या पिनेतून ५७६ ओळींपलीकडे काही जात नाही, तर एचडी चित्र १,०८० ओळींचे असते. बिंदू मोजले तर पाचपट फरक पडतो. एचडीएमआय तार लावावी, बॉक्सच्या मेनूत चित्राचे रेझोल्यूशन १०८० आणि प्रमाण १६:९ करावे. संचाच्या मेनूतही चित्र कापून मोठे करण्याची सोय बंद करावी. महागडी, सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय तार चित्र सुधारत नाही. तिच्यातून आकडे जातात आणि ते पोहोचले की पोहोचले. तार पाच मीटरहून लांब असेल किंवा ४के चित्र सेकंदाला ६० चौकटींनी हवे असेल, तेव्हाच सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी प्रमाणित तार घ्यावी.

फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्याच आहेत, त्यांना कोणतीही तार एचडी करू शकत नाही. अशा चित्रासाठी संचातली शार्पनेस कमी करावी. ती वाढवल्याने तपशील येत नाहीत, कडांना पांढरी झालर येते. दुकानात भडक दिसावे म्हणून ठेवलेला व्हिव्हिड प्रकारही बदलावा; सिनेमा किंवा स्टँडर्ड ठेवला की चेहऱ्यांचे रंग माणसांसारखे दिसतात.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा होतात, तेव्हा विजेच्या पिनेबरोबर छत्रीची तारही काढून ठेवावी. नुसते बटण बंद करून संच वाचत नाही. महापुराचे नियम वेगळे आहेत. जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१च्या पुरांसारखे पाणी घरात शिरले, तर बुडालेली गोल तार वाळवून पुन्हा वापरू नये. पाणी जाळीतून आतल्या फेसाच्या थरात शिरते, बाहेरून ती कोरडी वाटली तरी आत तांबे कुजत राहते आणि काही महिन्यांनी चित्र फुटू लागते. एलएनबी छपरावर असल्याने बहुधा वाचतो. बुडालेले स्प्लिटर, पिना आणि तार मात्र टाकून नवे घ्यावे, आणि नव्या घरजोडणीत फाटे व बॉक्स पूररेषेच्या वर, शक्य तर माडीवर ठेवावेत.