म्यानावरचा शिक्का

माझा आजा गावचा चांभार. मोटा शिवणं, वहाणा बांधणं, बैलांचे पट्टे करणं हे त्याचं काम, त्यावरच बलुतं मिळायचं. सही करायची वेळ आली की तो अंगठा द्यायचा. त्यानं शिवलेल्या एकाही वस्तूवर त्याचं नाव नाही. मी मात्र खडकीला लष्करी भांडारात ३० वर्षं चामड्याचा माल तपासत काढली. तिथं शिक्का नसलेली वस्तू म्हणजे बेवारस.

पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१४ साली, गावच्या शाळेत फौजींच्या जुन्या वस्तू मांडायचं ठरलं. आमचा मुलूख साताऱ्याचा. घरटी एकतरी माणूस पलटणीत. वरच्या आळीतल्या आबांनी मला बोलावून घेतलं. भिंतीवरच्या फोटोखालचं संगिनीचं म्यान त्यांनी काढून माझ्या हातात दिलं. पातं नव्हतंच, नुसतं काळं पडलेलं चामडं.

"तू खडकीला हुतास. ह्याच्यावरचं विंग्रजी वाच आन् साल तेवढं सांग. चिठ्ठीवर लिवायचं हाय. आमच्या आज्यानं बसऱ्याच्या लढाईतनं आणलं ह्ये."

आबांचे आजोबा मराठा पलटणीतले. कुतमध्ये तुर्कांनी वेढलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस उपासमार काढून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली, त्यांत आबांचे आजोबा. ते जिवंत परत आले, ही त्या घरची मोठी दौलत. फोटो त्यांचाच.

मी म्यान उजेडात धरलं. जुन्या चामड्यावरचा ठसा समोरून दिसत नाही. तिरपा उजेड पाडावा लागतो आणि ओलं फडकं फिरवावं लागतं. तोंडाच्या लोखंडी पट्टीखाली आधी बाण उमटला. हा बाण म्हणजे इंग्रज सरकारच्या मालकीची खूण. बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. इथं तो होता. सरकारनं वस्तू विकून टाकली की आणखी एक बाण टोकाला टोक भिडवून मारायचे. तो मात्र यावर नव्हता. एवढं मी आबांपुढं बोललो नाही.

कारखान्याची अक्षरं घासून गेलेली. त्यांच्या शेजारी दोन आकडे तेवढे शाबूत: १७. म्हणजे १९१७.

आबा खूश झाले. "बघ! पहिल्याच लढाईतलं."

माझ्या पोटात मात्र कालवलं. जो माणूस एप्रिल १९१६ मध्ये कैद झाला, त्याच्या कमरेला १९१७ चं म्यान असणार कसं? आणि कैद्याजवळ संगिनीचं म्यान ठेवतंय कोण?

मी खिशातली टेप काढली. पहिल्या महायुद्धात आपल्या शिपायांना जी १९०७ च्या नमुन्याची संगीन मिळायची, तिचं पातं १७ इंची. म्यान त्याहून थोडं लांब. हे म्यान जेमतेम १३ इंच भरलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात संगिनीचं पातं १२ इंचांवर आणलं. नवी घडवलीच, शिवाय जुनी लांब पाती कापून आखूड केली. म्यान उलटं करून पाहिलं. टोकाच्या लोखंडी टोपीजवळ चामडं कापून पुन्हा बसवल्याचं दिसत होतं. शिक्का पहिल्या लढाईचा होता, कात्री दुसऱ्या लढाईची. शिक्क्यातलं साल वस्तूच्या जन्माचं असतं. ती घरी कधी आली, हे त्याला ठाऊक नसतं.

"आबा, दुसऱ्या लढाईत तुमच्या घरचं कोण होतं?"

आबा गप्प राहिले. चुलीपुढून आक्का बोलल्या. आक्का म्हणजे आबांची चुलतबहीण, तात्यांची लेक. "माजा बाप हुता की. बरम्याला."

तात्यांना मी लहानपणी पाहिलेलं. रात्री ओरडत उठायचे, दिवसा पारावर बसून असायचे. पोरं त्यांना येडा फौजी म्हणायची. मीही म्हटलंय. त्यांचा फोटो त्या भिंतीवर नव्हता.

"बाप आला तवा म्यान उसवलं हुतं," आक्का म्हणाल्या. "तुज्याच आज्याकडं शिवाया दिलं. म्या गेलते घेऊन."

मी पुन्हा म्यान हातात घेतलं आणि या खेपेला शिवण पाहिली. मूळची कारखान्याची शिवण बारीक, एका मापाची. वरच्या चार बोटांत मात्र मेण लावलेला जाड दोरा, आणि टाके उलट्या बाजूला कललेले. माझा आजा डावखुरा. तो आरी डाव्या हातानं टोचायचा, म्हणून त्याचा टाका असाच कलायचा. शेवटी तीन टाके मागं घेऊन दोरा आत दडवायचा, गाठ कधी दिसू द्यायचा नाही. मोटेवर, वहाणेवर, माझ्या दप्तरावर मी तोच टाका पाहत वाढलो होतो. ३० वर्षं शिक्के वाचले, आणि घरचा शिक्का मला शेवटी दिसला.

आता आबांना काय सांगावं? चिठ्ठीवर 'बसरा, १९१७' लिहिलं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं. पण आक्का चूल सोडून दारात येऊन उभ्या होत्या. मी जे दिसलं ते सगळं सांगितलं. कुतचं साल, टेपचं माप, कापलेलं टोक, आजाचा टाका.

आबा बराच वेळ फोटोकडं बघत बसले. मग म्हणाले, "आज्याची कैद काय खोटी हुत न्हाय. लिव तात्याचं नाव."

मी चिठ्ठी लिहिली. संगिनीचं म्यान, घडवलं १९१७, दुसऱ्या महायुद्धात आखूड केलं. वापरणारा शिपाई म्हणून तात्यांचं पूर्ण नाव, ब्रह्मदेश आघाडी. खडकीच्या नोंदवहीत दुरुस्ती कुणी केली याचाही एक रकाना असायचा. तो मी इथंही आखला, आणि त्यात माझ्या आजाचं नाव लिहिलं.