तास मोजले, ऊन राहिले : ट्रक ड्रायव्हरच्या कायद्याची ८६ वर्षे



मे महिन्यात दुपारी दोन वाजता रायपूरच्या टाटीबंध चौकात थोडा वेळ उभे राहून बघा. भिलाईचे पोलाद, सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांचे लोखंड, बलौदाबाजारचे सिमेंट, गिरण्यांचा तांदूळ, सगळे याच बाजूने ट्रकवर लादून नागपूर-मुंबईकडे किंवा कोलकात्याकडे जाते. नवतपाच्या दिवसांत पारा ४४-४५ च्या घरात असतो. गाडीच्या खाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत, ओला गमछा तोंडावर घेऊन ड्रायव्हर पडलेला दिसतो. केबिनपेक्षा तिथे बरे वाटते म्हणून.

या माणसाने दिवसाला किती तास गाडी चालवावी, हे आपल्या कायद्याने १९३९ साली लिहून ठेवले. तो किती उष्णतेत बसून ती चालवतो, हा प्रश्न गाडीच्या नियमांत यायला २०२५ साल उजाडले. आज मला या ८६ वर्षांबद्दल बोलायचे आहे.

सुरुवात मोटारीच्या आधीपासून करू. नागपूरहून रायपूरकडे येणाऱ्या रस्त्याला इंग्रजांनी ग्रेट ईस्टर्न रोड म्हटले. रायपुरात आजही तो जीई रोडच आहे. त्याही आधी, नागपूरकर भोसल्यांच्या काळात, या मुलखात बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेत. उन्हाळ्यात गाडीवान रात्री किंवा पहाटे गाडी हाकायचा आणि ऊन चढले की बैल सोडायचा. पलटणीसुद्धा अंधार असतानाच कूच करत. यासाठी कोणाला कायदा करावा लागला नाही. बैल उन्हात अडून बसतो आणि माणसाला त्याचे ऐकावे लागते.

मोटार आली आणि ही अडवणूक संपली. इंजिन दमत नाही, त्यामुळे दमणाऱ्या माणसासाठी कायद्याची गरज निर्माण झाली. ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये सलग साडेपाच तास आणि दिवसाला ११ तास अशी मर्यादा घातली. भारतात १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या कलम ६५ ने सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, २४ तासांत नऊ तासांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्यात ५४ तासांपेक्षा जास्त नाही, असे ठरवून दिले. त्या वेळी रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात, मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. पुढे १९५६ मध्ये रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि २००० मध्ये छत्तीसगडची राजधानी झाले. सरहद्द आली, पण ड्रायव्हरचे तास ठरवणारा कायदा दोन्हीकडे केंद्राचाच राहिला.

१९६१ मध्ये मोटार परिवहन कामगार कायदा आला. कागदावर तो चांगला होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. लांबच्या मार्गावर परवानगीने दहा आणि ५४. मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांतीची खोली, प्रथमोपचार, साप्ताहिक सुट्टी, सगळे त्यात होते. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ तर तासांसाठी या १९६१ च्या कायद्याकडेच बोट दाखवू लागले.

पण या कायद्यात दोन फटी होत्या. पहिली म्हणजे तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायालाच आपोआप लागू व्हायचा. आपल्याकडे मालवाहतुकीचा मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हातात आहे. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर म्हणजे चार माणसे, म्हणजेच कायद्याच्या बाहेर. दुसरी फट कामाच्या तासांच्या व्याख्येत होती. टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल, तरच तो कामात धरला होता. कारखान्याच्या गेटवर माल उतरवायला चार तास ताटकळलेला ड्रायव्हर कोणत्या हिशेबात बसवायचा? मालकाच्या दृष्टीने तो रिकामा बसलेला असतो. त्याचे शरीर मात्र चार तास तापलेल्या पत्र्यात भाजत असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत विलीन झाला. त्यात मोटार परिवहन व्यवसायासाठीची अट दहा कामगारांची आहे. पाचाचे दहा झाले, म्हणजे लहान मालकाचा ड्रायव्हर आणखी दूर गेला.

आता साधा हिशेब करू. रायपूर ते मुंबई जुन्या मार्गाने सुमारे ११०० किलोमीटर. लादलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४० धरला तर स्टिअरिंगवर साडेसत्तावीस तास लागतात. दिवसाला आठ तास म्हटले तर जवळजवळ साडेतीन दिवस. पैसे मात्र ट्रिपवर मिळतात. जितक्या ट्रिपा, तितकी कमाई. मग झोप कोण घेणार? युरोपने १९७० च्या नियमाने गाडीत तास नोंदवणारे यंत्र, टॅकोग्राफ, बसवायला लावले. आपल्याकडे नोंद ठेवायची ती मालकाने आणि तपासायची निरीक्षकाने. रस्त्यावर कागदपत्रे, वजन आणि परवाना बघतात. ड्रायव्हर कधीपासून जागा आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

तासांची ही गत, मग उन्हाची काय असणार! १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. कित्येक दशके आपल्याकडे बरेच ट्रक नुसत्या चॅसिसवर विकले गेले. केबिन गावातला बॉडी बिल्डर लाकूड आणि पत्रा जोडून बांधायचा. ज्या गाड्यांत इंजिनचा भाग केबिनमध्येच येतो, तिथे ड्रायव्हरच्या मांडीला लागून धगधगते बोनेट असते. वर पत्रा, बाजूला इंजिन आणि खिडकीतून लू. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा थंडावा देत नाही, उलट तापवतो. मग फक्त घाम वाळण्यावर भिस्त असते आणि त्यासाठी पोटात पाणी हवे.

लष्कराला हे फार महागात शिकावे लागले. १९१७ च्या उन्हाळ्यात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, उष्माघाताने सैनिक दगावले आणि त्यांच्यासाठी वेगळी उपचार केंद्रे उभारावी लागली. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॅरिस आयलंडच्या प्रशिक्षण तळावर तापमान, दमटपणा आणि उन्हाची धग एकत्र मोजणारा निर्देशांक वापरात आला. आकडा वर गेला की कवायत बंद. आम्हाला सैन्यात शिकवले ते हेच. कॉन्व्हॉय निघण्याआधी थांबे ठरलेले, पाण्याची सोय ठरलेली, ड्रायव्हरशेजारी जागा असलेला माणूस ठरलेला. ‘मला दमल्यासारखे वाटत नाही’ असे ड्रायव्हर म्हणाला तरी थांबा चुकत नाही. हे सारे ज्ञान छावणीच्या फाटकातच अडकले. बाहेरच्या रस्त्यावर तसलीच गाडी चालवणाऱ्याला ते मिळाले नाही.

जून २०२३ मध्ये नागपूरचेच नितीन गडकरी यांनी ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा करण्याची घोषणा केली. खर्च वाढेल म्हणून विरोध झाला होता, हे त्यांनीच सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघाली. २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला. पाऊल चांगलेच आहे, पण ते नव्या गाड्यांसाठी आहे. टाटीबंधला उभ्या असलेल्या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे धावतील. शिवाय गेटवर इंजिन बंद करून चार तास थांबायचे असेल, तर एसी काय कामाचा?

म्हणून मालक आणि कारखानदार मंडळींना माझे सांगणे आहे. कामगार चार असोत की चाळीस, पाच तासांनंतर अर्धा तास हा नियम आपणच पाळा. मे महिन्यात दुपारी बारा ते चार गाडी सावलीत लावू द्या आणि सुटीच्या त्या तासांत ड्रायव्हरला खरोखर झोपू द्या, नाहीतर तो रात्री स्टिअरिंगवर झोपेल. गेटवर एक शेड आणि पाण्याचे माठ ठेवा. छत्तीसगडचा शेतमजूर बोरे बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, खाऊन उन्हात उतरतो. ढाब्यावरच्या तेलकट जेवणापेक्षा ती समज मोठी आहे.

आणि ड्रायव्हरबंधूंनो, साथीदार असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापून निघाले, तर त्याला तसाच घेऊन धावू नका. आधी सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

बैल स्वतःच थांबायचा. ट्रकच्या ड्रायव्हरला थांबायची मुभा आपण द्यायला हवी.

जय हिंद.